आठवीचा उतारा

शाळेत सगळे त्यांना मागच्या खोलीतल्या बाई म्हणत. खोली खेळाच्या सामानाच्या कोठीला लागून होती, आणि बाईही त्या सामानातच मोडतात अशी निम्म्या शाळेची समजूत होती. ज्यांना अक्षरं उलटसुलट दिसतात, वाचता वाचता ज्यांची ओळ हरवते, ज्यांच्यापुढे वर्गशिक्षकांनी हात टेकलेत, अशी मुलं आठवड्यातून दोनदा तिथे येत. बाई समोर न बसता मुलाच्या शेजारी बसत आणि पुठ्ठ्याला पाडलेल्या खिडकीतून एकेक ओळ वाचून घेत. अशी सव्वीस वर्षं गेली. मूल वाचायला लागलं की जायचं, आणि गेलेलं मूल सहसा फिरकत नसे. आपण त्या खोलीत जात होतो हे कोणाला मिरवावंसं वाटेल? बाईंना ते कळत असे, तरी लागत असे.

घरी वाट बघणारं कोणी नव्हतं. भाऊ रविवारी फोन करी, रक्तदाबाचा आकडा ऐकून घेई आणि ठेवून देई. बाकीचे सहा दिवस घर खायला उठे.

तीन वर्षांपूर्वी त्या खोलीत चिवचिव आली. नाव बाईंनीच ठेवलेलं. दोन ओळी वाचल्या की हिचं सुरू: काल काय केलंत, भाजी कुठली केलीत, एकट्याच राहता तर भीती नाही वाटत? बाई दटावत आणि वर उत्तरही देत. मंगळवारी आणि शुक्रवारी त्या केस जरा नीट विंचरून येत.

वर्षअखेरीस चाचणी असे. आपल्या इयत्तेचा उतारा पाचपेक्षा कमी चुकांत वाचला की मूल मोकळं. चिवचिव आता सहावीत होती आणि पुठ्ठा स्वतःच बाजूला सारायला लागली होती. म्हणजे ही जाणार. चाचणीच्या दिवशी बाईंनी तिच्यापुढे आठवीचा उतारा ठेवला. फाइली शेजारीशेजारीच होत्या, हात चुकला म्हणायला जागा होती. पण हात चुकला नव्हता. अकरा चुका झाल्या. अजून एक वर्ष यावं लागेल, असा शेरा बाईंनी लिहिला आणि सराव काही वाया जात नाही, अशी मनाची समजूत घातली.

पुढच्या शुक्रवारी चिवचिव गप्प होती. तिनं आपणहून पुठ्ठा ओढून घेतला आणि खाली मान घालून वाचत राहिली. भाजीची चौकशी नाही, काही नाही. शेवटी बाईंनीच विचारलं.

"मी ढच आहे, बाई," ती म्हणाली. "आईला पण सांगून टाकलं."

तो शब्द तिच्या डोक्यातून काढायला बाईंना तीन वर्षं लागली होती. त्यांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी कपाटातून सहावीचा उतारा काढला आणि वाच म्हणाल्या. तीन चुका झाल्या.

"हा तुझा उतारा. त्या दिवशी मी आठवीचा दिला होता."

"चुकून?"

हो म्हणणं सोपं होतं.

"नाही. मुद्दाम."

चिवचिवचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे मी आठवीचं वाचलं? आणि अकराच चुका?"

बाईंनी जुना शेरा खोडून नवा लिहिला. सही होईपर्यंतही तिला धीर नव्हता. कागद घेऊन ती आईला सांगायला पळाली. मुद्दाम का दिलात, हे तिनं विचारलंच नाही. बाई मात्र दाराकडे बघत त्याचं उत्तर मनातल्या मनात जुळवत होत्या.