भिंगबाईंची सही

भिंगबाईंच्या घरी नवी वस्तू आली की ती आधी खिडकीशी जाते. ताट असो, आरसा असो, चष्मा असो, बाई ती दोन बोटांत धरून उजेडात तिरकी करतात, सावकाश फिरवतात आणि मगच वापरायला काढतात. लेक म्हणते, "आई, माझ्या मैत्रिणी येणार आहेत. त्यांना तिरकं करून बघू नकोस."

भिंगबाई हे नाव त्यांना कारखान्यात मिळालं. सायन्सची पदवी घेऊन तिथे लागल्या तेव्हा काम तात्पुरतं होतं. त्या तात्पुरत्या कामाला आता सव्वीस वर्षं झाली. कारखाना सिनेमांच्या डिस्क बनवतो. डिस्क दिसते एकसंध, पण असते दोन पातळ चकत्यांची. मधे गोंद घालून चकत्या चिकटवतात आणि एका खास दिव्याखाली धरून तो गोंद पक्का करतात. तयार मालातली दर पन्नासावी डिस्क बाईंच्या टेबलावर येते. मशीन ती वाचून पास की नापास ते सांगतं. बाई तिची कड बघतात, गोंद शेवटपर्यंत नीट पोचलाय का ते. मशीनचं 'पास' आणि बाईंची सही, दोन्ही असल्याशिवाय माल गेटबाहेर जात नाही.

मशीन असताना बाई कशाला, असं नवीन आलेला प्रत्येक जण विचारतो. बाई एवढंच म्हणतात, "मशीन आजचं सांगतं." घरात पोर असलेल्या बाईला याहून जास्त समजवावं लागत नाही. थर्मामीटर नॉर्मल दाखवतो, डॉक्टर हसून घरी पाठवतात, आणि पोराचे डोळे बघून आईला कळलेलं असतं की रात्री ताप चढणार.

बाईंनी एकदा मात्र मशीनचं ऐकलं होतं.

त्या वर्षी बाजारात दोन नव्या प्रकारच्या डिस्क आल्या. दोन्हींचं चित्र डोळे दिपतील इतकं स्वच्छ. दिसायला दोघी सख्ख्या बहिणी, पण एकीच्या प्लेअरमध्ये दुसरी चालायची नाही. मोठमोठ्या कंपन्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या आणि कुठला प्लेअर घ्यावा हे गिऱ्हाइकाला कळेना. थोरल्या मालकांना मात्र लगेच कळलं. एक प्रकार आपल्या जुन्याच मशीनवर थोड्या फेरफारात निघत होता. दुसऱ्याला सगळी नवी यंत्रं लागणार होती. "जुन्या चुलीवर नवा स्वयंपाक होतोय म्हटल्यावर नाही कोण म्हणेल?" मशीन चालवणारे नाना म्हणाले. कोणीच नाही म्हटलं नाही. दोन वर्षांत नेमका तोच प्रकार हरला.

त्या दोन वर्षांतली एक खेप. ट्रक गेटवर उभा, थोरले मालक घड्याळ बघत दारात. बाईंना कडेचा गोंद जरा विरळ वाटला, पण मशीन पास म्हणत होतं. त्यांनी सही केली.

सात वर्षांनी दीर एक डिस्क घेऊन आले. "वहिनी, तुमच्याच कारखान्यातली. शेवटची पंधरा मिनिटं अडकते. खून कुणी केला तेच कळत नाही."

बाईंनी ती तिरकी केली. कडेने गोल, सिनेमाचा शेवट जिथे असतो तिथेच, चहाच्या डागासारखा धूसर पट्टा पडला होता. आतल्या कड्यावर खेपेचा नंबर कोरलेला असतो. तो त्यांना लेकीच्या जन्मतारखेसारखा पाठ होता. त्या खेपेत पाच हजार डिस्क गेल्या होत्या. म्हणजे पाच हजार घरांत खुनी मोकळा फिरत होता. नवरा म्हणाला, "अगं, सिनेमाच तो. कुणाचं औषध तर नव्हतं." बाई हसल्या, पण पुढे कितीतरी दिवस जेवण त्यांच्या घशाखाली नीट उतरलं नाही.

जिंकलेल्या डिस्कचंही पुढे फार बरं चाललं नाही. लोक सिनेमे नेटवर बघायला लागले. "कुस्ती मारली आणि मान वर करून बघतोय, तर प्रेक्षक घरी गेलेले," नाना म्हणायचे. कारखान्यात साध्या डिस्कच्या चार लाइनी होत्या, त्यांतली एक उरली. तिच्यावर सात माणसं.

गेल्या वर्षी, थोरल्या मालकांच्या मागे कारभार बघणाऱ्या धाकट्या मालकांनी एक ऑर्डर आणली. जिथे नेट धड चालत नाही अशा गावांतल्या ग्रंथालयांना विज्ञानाच्या फिल्म द्यायच्या होत्या. पहिली खेप चार हजारांची. त्यांनी सातही जणांना एकत्र बोलावलं. "ही खेप वेळेत आणि नीट गेली तर पुढची तीन वर्षं त्यांचं काम आपल्याकडे. नाही तर उन्हाळ्याआधी ही लाइनही बंद. खोटं कशाला सांगू?"

बुधवारी माल तयार झाला. मशीनने पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत पास म्हटलं. बाईंनी एक डिस्क तिरकी केली, दुसरी केली, मग खुर्ची खिडकीजवळ ओढून तिसरी केली. कडेला एका बाजूने नखाएवढ्या रुंदीत गोंदाची चमक वेगळी होती. नाना समोर उभे होते. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं होती.

"काय बाई?"

"गोंद कच्चा आहे, नाना. एकाच बाजूला."

नाना जाऊन धाकट्या मालकांना घेऊन आले.

"काकू, मशीन पास म्हणतंय," धाकटे मालक म्हणाले.

"हो."

"शनिवारी त्यांचं उद्घाटन आहे. आज माल निघाला नाही तर पोचत नाही."

"माहीत आहे."

"तुम्हाला खात्री आहे?"

"खात्री नाही. पण ग्रंथालयात गेलेली वस्तू कुणी दोन वर्षांत फेकत नाही हो. ती तिथेच राहणार आणि तिथेच खराब होणार." बाईंनी पेन बंद केलं. आपल्यासकट सात घरांच्या चुली त्या टेबलावर मांडल्यासारख्या त्यांना दिसत होत्या. "दहा डिस्क दमट पेटीत ठेवू. रविवारी कळेल. मी चुकले असेन तर सगळ्यांच्या देखत सांगीन."

दमट पेटी म्हणजे गरम, ओलसर हवेचं कपाट. त्यात डिस्क चार दिवसांत म्हातारी होते. धाकट्या मालकांनी दहा डिस्क आत ठेवल्या आणि तिथेच उभं राहून ग्रंथालयांच्या संचालिकाबाईंना फोन लावला. माल शनिवारी पोचणार नाही हे सांगता सांगता घाबरून ते म्हणून गेले, "मॅडम, शनिवारपुरती रिकामी कव्हरं पाठवू का?"

संचालिकाबाई म्हणाल्या, "पाठवा. पाहुणे कुठे उघडून बघतात?"

नाना दोन दिवस लाइन उघडून बसले. शुक्रवारी दुपारी ते डबा न उघडताच बाईंच्या टेबलाशी आले आणि हळूच म्हणाले, "दिव्यामागचा, उजेड परतवणारा पत्रा उलटा बसलाय. एका बाजूला उजेड पोचतच नव्हता."

"कुणी बसवला?"

"सोमवारी पुसायला काढला होता." नाना छताकडे बघत होते. "मीच."

"मग जेवून घ्या आधी. उलटा बसलाय, पळून तर नाही गेला."

रविवारी सुट्टी असूनही सातही जण आले. लेकीने बाईंना सोडायला म्हणून स्कूटर काढली आणि तीही तिथेच थांबली. धाकट्या मालकांनी पेटी उघडून डिस्क एकेक करून मशीनला लावल्या. पहिली नापास. दुसरी नापास. दहापैकी सात गेल्या, आणि उरलेल्या तिघींच्याही कडेला तोच चहाचा पट्टा धरायला लागला होता. धाकटे मालक स्टुलावर बसले. "म्हणजे आपण हे पाठवलं असतं," ते म्हणाले. बाईंना एकदम भूक लागली.

नव्या चार हजार डिस्क पुढच्या बुधवारी निघाल्या. त्या न्यायला संचालिकाबाई स्वतः आल्या. ठेंगण्या, कडक, हातात छत्री. त्यांनी पेटीतून निघालेली डिस्क आणि नवी डिस्क शेजारी शेजारी धरायला लावल्या, बराच वेळ बघितल्या आणि विचारलं, "ही किती वर्षं टिकेल?"

"सावलीत, उभी ठेवली आणि कड धरून हाताळली तर माझ्या लेकीची मुलं बघतील," भिंगबाई म्हणाल्या. "पुसताना गोल गोल पुसू नका. मधून कडेकडे सरळ पुसा. त्यापुढचं मला माहीत नाही."

"माहीत नाही हे सांगणारा पुरवठादार पहिल्यांदाच बघतेय," संचालिकाबाई म्हणाल्या. ते कौतुक होतं की टोमणा, हे त्या गेल्यावरही कुणाला ठरवता आलं नाही.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. तीन वर्षांचं काम दिलं होतं, एका अटीवर: प्रत्येक खेपेतल्या दहा डिस्क आधी दमट पेटीत राहतील, मगच माल निघेल.

नानांनी पत्र दोनदा वाचलं. "म्हणजे दर खेपेला चार दिवस हातावर हात ठेवून बसायचं."

"बसा की, नाना," भिंगबाई म्हणाल्या आणि पुढची डिस्क उचलली. "तीन वर्षं बसायला मिळतंय, आणखी काय हवं?"