आईच्या नावाचा वाटा

माझ्या आईला तलावातल्या मासळीत स्वतःच्या नावाचा वाटा हवा होता. एवढीच गोष्ट होती. त्यासाठी मला आमच्या गावच्या मच्छीमार संस्थेला नियम बदलायला लावावं लागलं, आणि ज्या माणसांनी मला वाढवलं त्यांच्याशीच उभ्या उभ्या भांडावं लागलं. अजूनही कोणी विचारतं, तुला वाईट नाही वाटलं? वाटलं. पण पुन्हा वेळ आली तर पुन्हा भांडेन.

आमचं गाव भंडारा जिल्ह्यातलं, पवनीकडचं. तलावाचं पाणी शेतकऱ्यांच्या धानाला जातं, मासळी आमच्या मोहल्ल्याची. संस्थेत एका घरातून एकच सभासद, आणि तो घरातला पुरुष. जाळी विणायची, फाटली की सांधायची, उथळ पाण्यात उतरून झिंगे धरायचे, टोपली डोक्यावर घेऊन गावोगाव विकत फिरायचं, हे सगळं बायकांचं. पण मोठं जाळं ओढून मासळी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, आली की वाटे पडायचे ते जाळं ओढणाऱ्या पुरुषांचे. ज्या घरचा पुरुष पाण्यात उतरला नाही, त्या घराला वाटा नाही.

बाबांना लकवा झाला आणि आमचं घर त्या घरांत जमा झालं. भाऊ मला नाही. आई मात्र पहिल्यासारखीच जाळी सांधत होती, दुसऱ्यांच्या वाट्याची मासळी विकत होती. तिने संस्थेच्या अध्यक्षांना विचारलं. ते बाबांचे लहानपणापासूनचे सोबती, मी त्यांना मोठे बाबा म्हणते. ते म्हणाले, "वहिनी, घरजवाई आना. पोट्टी लग्नाची झालीच आहे. तो ओढन जाळं, तुमाले भेटन वाटा."

आई घरी येऊन हसली आणि फाटकं जाळं घेऊन सांधायला बसली.

मी आमच्या मोहल्ल्यातली पहिली पदवीधर. बारावीनंतर तालुक्याच्या कॉलेजात जायचं ठरलं तेव्हा आईची टोपली होतीच, पण संस्थेच्या लोकांनीही हात दिला होता. सकाळची बस चुकली की मोठे बाबाच मला सायकलवर डबलसीट घेऊन फाट्यापर्यंत सोडायचे. पदवी मिळाली तेव्हा समाजमंदिरात शाल-नारळ देऊन सत्कार झाला. पुढे त्यांनीच मला संस्थेची सचिव केलं, कारण कागद घेऊन तालुक्याच्या कार्यालयात बोलणारं कोणीतरी हवं होतं. सचिव हा नोकर, त्याला सभासद असावं लागत नाही. म्हणजे सभेचा वृत्तांत मी लिहायचा, पण सभेत हात वर करायचा अधिकार मला नाही, माझ्या आईलाही नाही.

जिल्ह्याच्या ठिकाणी आम्हा सचिवांचं एक प्रशिक्षण झालं. तिथे शिकवलं की संस्थेत बदल करायचा असेल तर ज्यांच्यावर त्याचा परिणाम होणार आहे त्या सर्वांना आधी विश्वासात घ्या, बदलाचे फायदे समजावून सांगा. मी मन लावून ऐकलं. घरी येऊन मोठ्या कागदांवर रंगीत पेनांनी तक्ते काढले. बायकांना सभासद केलं तर कोणत्या योजना मिळतील, कर्ज कसं सोपं होईल, सगळं लिहिलं. समाजमंदिरात बैठक घेतली, चहा-पोहे ठेवले.

कोणी एका शब्दानेही विरोध केला नाही. "बराबर आहे मॅडम." "हाव, बायकाइले हक्क पायजेच." मी खूश झाले. लगेच आमसभेत ठराव ठेवला की नवरा-बायको दोघांनाही सभासद करावं. "बाजूने असतील त्यांनी हात वर करा," मी म्हणाले. एक हात वर झाला नाही. सगळे माझ्याकडे अगदी प्रेमाने पाहत होते. ज्यांच्यासाठी ठराव होता त्या बायका मागच्या बाजूला चहा गाळत होत्या. त्यांना सभेत बोलवायचं माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

त्या रात्री मला झोप आली नाही ती एका शब्दाने. मॅडम. ज्या काकांनी माझा शेंबूड पुसला ते मला मॅडम म्हणत होते. तालुक्याहून साहेब येतात तेव्हा आमची माणसं अशीच वागतात. खुर्ची देतात, चहा देतात, हाव म्हणतात आणि साहेबांची गाडी वळली की आपल्या कामाला लागतात. परक्याशी कोण भांडतो? भांडण घरच्या माणसाशी. तक्ते लावून मी स्वतःच परकी झाले होते.

मी तक्ते गुंडाळून ठेवले आणि शिव्या खायला निघाले.

पाळीवर आंब्याच्या सावलीत जाळं सांधत बसलेल्या एका काकाजींजवळ जाऊन बसले. आमसभेत सगळ्यात गोड हसले होते ते हेच. म्हटलं, "काकाजी, हात काहून नाही वर केला?"

"तू सभेत इचारलं नाई, सभेत वाचून दाखवलं."

"आता इचारतो," मी म्हणाले.

"मंग आयक. बायका सभासद झाल्या तं सभेत त्या बसतीन आन घरी भात आमी रांधाव का?"

"रांधा नं. काकी होती तवाबी, ते माहेरी गेली का रांधतच होते तुमी. साऱ्या मोहल्ल्यात जळका वास."

शेजारचा एक जण फिदीफिदी हसला. काकाजी चिडले, आणि चिडल्यावर खरं बोलले. "हे पाह्य टुरी, ज्याच्या घरी नवरा-बायको दोघंही हट्टेकट्टे, त्याले दोन वाटे. मी रंडवा मानूस, बायको मेलेली, मले एक. वाटे वाढले का मासे वाढनार हायेत का?"

हे माझ्या एकाही तक्त्यात नव्हतं. दुसऱ्या घरी गेले, तिथेही हीच भीती. तिसऱ्या घरी तर सुनेने दारातूनच सांगितलं, "ताई, माह्या नावानं वाटा आला तं माहा नवरा पाण्यात उतरनच नाई, दिवसभर खाटेवर लोळन." मी ठराव बदलला. वाटा घरामागे एकच, नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नावाने. सभेत मत मात्र दोघांचं. असं सांगत फिरले तेव्हा लोक जास्तच भांडू लागले, आणि मला बरं वाटू लागलं. बायका तर माझ्या पुढे गेल्या. त्यांनी ठरवलं की पुढच्या आमसभेची वाट पाहायची नाही.

उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर मोठं जाळं ओढलं तो दिवस. मासळी ताडपत्रीवर ओतली होती. आमच्याकडे वाटे सारखे करून झाले की प्रत्येक जण आपली एक खूण देतो. कोणी पळसाचं पान, कोणी काडी, कोणी खडा. सगळ्या खुणा दुपट्ट्यात हलवतात आणि एक जण तोंड फिरवून एकेक खूण एकेका वाट्यावर टाकतो. ज्याची खूण ज्या वाट्यावर, तो वाटा त्याचा. म्हणजे कोणी म्हणू नये की मला लहान मिळाला.

त्या दिवशी सगळ्या वाट्यांवर खुणा पडल्या आणि दुपट्ट्यात एक उरली. बांगडीचा हिरवा तुकडा.

"हे कोनाची?" मोठे बाबा म्हणाले.

"माही," आई म्हणाली. ती पहाटेपासून पुरुषांच्या बरोबरीने जाळ्याच्या दोराला लागलेली होती. कोणी तिला हटकलं नव्हतं, मदत करते आहे असं समजले होते.

"वहिनी, गम्मत करू नोका."

"गम्मत नाई. दोर ओढला. हात पाहा."

मग जो गोंधळ उठला तो विचारू नका. कोणी म्हणालं रीत मोडली, कोणी म्हणालं रीतच आहे की ओढेल त्याला वाटा. बायका टोपल्या उपड्या घालून त्यांवर बसल्या. लहान मासळी गावोगाव नेणाऱ्या त्याच, आणि त्या सांगत होत्या की ही खूण वाट्यावर पडल्याशिवाय टोपली उचलणार नाही. मोठी मासळी न्यायला आलेला व्यापाऱ्याचा माणूस गाडीजवळून ओरडला, "भाऊ, लवकर भांडा, ऊन चढून राह्यलं!"

मोठे बाबा सगळ्यांना सोडून माझ्याकडे वळले. "तुयं काम हाय हे. यासाठी शिकवलं का तुले? यासाठी शाल दिली?"

मला त्यांची ती सायकल आठवत होती. तरी मी म्हणाले, "मोठे बाबा, शाल काय तोंड झाकाले दिली होती?"

मोठे बाबा दोन पावलं पुढे आले. मला वाटलं, आता ते मारतील. ते खाली वाकले आणि दोन्ही हातांनी वाटे मोडू लागले. रोहू, कतला, मरळ, सगळं पुन्हा एकत्र केलं. "घाला नव्यानं," ते म्हणाले. "एक वाढवून घाला. मासे सडवू नोका माह्या तलावात." माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

पुढच्या आमसभेत बायका आत बसल्या. मत नव्हतं, पण तोंड होतं. तीन वेळा सभा उधळता उधळता राहिली. रंडवे काकाजी सर्वांत मोठ्याने ओरडले आणि ठरावाच्या बाजूने हात वर केला. मोठ्या बाबांनी केला नाही. ठराव त्यांच्याशिवाय पास झाला. ते अजूनही माझ्याशी फारसं बोलत नाहीत. बोलतात तेव्हा रागावूनच बोलतात, आणि ते मला चालतं. त्यांनी माझ्यासाठी केलं ते मी विसरणार नाही. पण उपकार मानणं म्हणजे गप्प बसणं, असं मला कोणी शिकवलं नाही. त्यांनीही नाही.

बायका मतदार म्हणून बसल्या त्या पहिल्या सभेत मी एक नवा ठराव ठेवला. पावसाच्या सुरुवातीला मासे अंडी घालतात, तेव्हा तलावात कोणीच उतरायचं नाही. मला वाटलं होतं, आता बायका आल्या, हे सहज होईल. पहिली उठली माझी आई.

"पावसाच्या तोंडावर घरात काईच नसते. तवा झिंगे कोन धरते? आमीच. मले नाई पटत."

"पण आई, ऐक तर..."

"सभेत आई नोको म्हनू. सभासद हावो मी," ती म्हणाली आणि विरोधात हात वर केला. तिच्या मागे एकेक करत सगळ्या बायकांचे हात वर गेले. माझा ठराव पडला. तो पडल्याचं मीच वृत्तांतात लिहिलं, विरोध करणाऱ्यांत आईचं नाव सगळ्यात वर.