बिब्याचा डाग

पाळी आली की आई शेतातच पोट आवळून बसायची आणि मजुरी बुडायची. त्याच घरातली मी पहिली बी.एस्सी.

गणेशगुडीच्या स्टँडवर एक बाई लेकीच्या पोटावरून सारखा हात फिरवत होती. "दर पाळीला तडफडती. पोटावर तापल्या बिब्याचा डाग द्यायला चाललोय," म्हणत तिनं पदर सरकवून स्वतःच्या पोटावरचे जळके चट्टे दाखवले. "मला आईनं दिले, आईला आजीनं."

मी म्हटलं, "अक्का, हा एंडोमेट्रिओसिस नावाचा आजार असंल, गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो. पेशींत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाची जनुकं फक्त आईकडून येतात. त्यांचा यात हात हाय का, ते शोधायलेत."

"म्हंजे मीच दिलं व्हय?"

"ते कुणाच्या हातात नसतं. डाग न देणं आपल्या हातात हाय. हिला दवाखान्यात दाखवा."

बिब्यावाल्याच्या गावची बस आली. लेक उठली, बाईनं तिला हात धरून खाली बसवलं. पुढच्या बसनं दोघी दवाखान्याकडे निघाल्या.