तात्पुरत्या फोल्डरातला साखरपुडा

शहागंजातल्या एका फोटो स्टुडिओत मी सहा वर्षं कॉम्प्युटरवर बसायचे. अल्बम लावायचे, चेहऱ्यावरचे डाग काढायचे, गिऱ्हाइकाला पेनड्राइव्ह भरून द्यायचा, असं काम. त्या कामाची शिसारी मला एका दुपारी आली.

त्याआधी काही महिने कन्नड गावची एक मुलगी एकटीच एसटीनं आली होती. तिच्या साखरपुड्याचे फोटो आम्हीच काढलेले. लग्न मोडलं होतं, अल्बम नको होता. "ताई, माझ्यासमोर काढून टाका. एकबी ठेवू नका," एवढंच म्हणाली. मी तिच्यादेखत सगळा फोल्डर उडवला, बाहेरच्या डिस्कवरची प्रतही पुसली. सगळं गेलं, असं मी अगदी ठामपणे सांगितलं.

मग कॉम्प्युटरमधली जागा संपत आली. आमच्याकडं रोज बॅकअपचं सॉफ्टवेअर चालायचं. हे सॉफ्टवेअर फोटो आधी एका तात्पुरत्या फोल्डरात उतरवायचं, तिथून बाहेरच्या डिस्कवर न्यायचं आणि मागचं पुसायचं. पण ते चालू असताना मशीन अडकलं की मी सरळ रीस्टार्ट करायचे. दुरुस्तीवाल्यानं फोनवर सांगितलं, रीस्टार्ट करा, तात्पुरत्या फायली आपोआप जातात. केलं, तर जागा तितकीच कमी. मग त्यानं तो फोल्डर कुठं असतो ते सांगितलं. उघडला, तर प्रत्येक अर्धवट बॅकअपचा उकिरडा तिथं तसाच साचलेला. नावांच्या जागी नुसते आकडे. एक फाइल सहज उघडली.

तीच मुलगी. हिरवी साडी, अंगठीसाठी पुढं केलेला हात.

तेवढ्यात मालक मागं येऊन उभे राहिले. काय झालं ते मी सांगितलं, तर ते माझ्या खांद्यावरून वाकून माउस घेऊन एकेक फोटो पुढं सरकवायला लागले. तोंडाला गुटख्याचा वास. तिच्या चेहऱ्यावर थांबून त्यांनी फोटो मोठा केला.

"राहू द्या की, मॅडम. नमुन्याच्या अल्बमात लावू. कन्नडहून कोण बघायला येतंय?"

"भाऊ, बाजूला व्हा," मी म्हणाले.

ते हसत बाजूला झाले, मी सगळंच मनाला लावून घेते म्हणाले. मी तो सगळा फोल्डर रिकामा केला. किती जणांचं काय काय त्यात होतं, ते पाहायची हिंमत झाली नाही. नंतर बेसिनवर जाऊन दोनदा हात धुतले.

संध्याकाळी त्या मुलीला फोन लावला. न सांगताही चाललं असतं, पण राहवलं नाही. फोटो राहून गेले होते, हे सांगितलं.

"म्हंजी तवा गेलेच नव्हते?"

"नाय."

"कुणी पाहिले?"

"मी पाहिले. आमच्या मालकांनीबी पाहिले."

आता तरी गेले का, असं तिनं विचारलं. मी गेले म्हणाले, आणि म्हणतानाच माझं मलाच ते खोटं वाटलं. तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मालक काहीच घडलं नसल्यासारखे बोलले. मीही अल्बम लावत बसले, चांगले दोन महिने, आणि याचीच किळस जास्त येते. दिवाळीनंतर काम सोडलं.