चाळीस पानांचं अंगण

खालापूरच्या रस्त्याला प्लॉट विकणाऱ्यांचे फलक आहेत. तिथली बाग ‘व्हास्ट’ असते, क्लबहाउस ‘ग्रँड’, आणि गेट तर ‘कोलोसल’. आत डोकावलं तर गवत आणि फक्कीच्या रेघा. हायस्कुलात जन्मभर इंग्रजी शिकवल्यामुळे हे फलक मोठ्यानं, एकेका विशेषणावर थांबत वाचून रिक्षातल्या लोकांना हसवायची मला सवय होती. ती गेल्या वर्षी मोडली.

कडावच्या एका बाईंनी घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायचं ठरवलं. इंटरनेटवर टाकायला इंग्रजी मजकूर हवा होता. त्यांच्या दोन्ही मुली माझ्याकडेच शिकलेल्या, आता सासरी. पण सरांसारखं इंग्रजी त्यांना यायचं नाही, असं आईचं मत. म्हणून त्या माझ्याकडे आल्या.

“अंगण केवढं?” मी विचारलं.

“चाळीस पानांची पंगत बसते. दाटून नाय हां, वाढप्याला मधनं जाता येतं.”

“मागचं तळं?”

“दोन म्हशी बसत्यात. तिसरी उतरली की भांडणं.”

“खोल्या?”

“तीन खाटा. चौथी घातली तं दार लागत नाय.”

इतकं नेमकं वर्णन माझ्या कुठल्याही विद्यार्थ्यानं कधी लिहिलं नव्हतं. मी ते ऐकलं, मनातल्या मनात हसलो आणि लिहिलं: व्हास्ट लॉन, इमेन्स नॅचरल पूल, एनॉर्मस रूम्स. पानं आणि म्हशी इंग्रजीत गावंढळ वाटल्या, हे एक कारण. दुसरं म्हणजे लिहिताना मजा आली.

“मराठीत वाचून दावा की,” त्या म्हणाल्या.

“तुम्ही सांगितलंत तेच आहे.”

“मंग बराबर असंल,” म्हणाल्या आणि गेल्या.

पहिल्याच शनिवारी मुंबईहून तेवीस माणसं उतरली. बॅडमिंटनची जाळी, पोहायचे कपडे, वाढदिवसाचा केक. इंटरनेटवरच्या जाहिरातीत खोल्यांचे फोटोही होते, पण इंग्रजीपुढे फोटोचं कोण ऐकतं? बाईंनी फोन करून मला बोलावलं.

मी पोचलो तेव्हा अर्ध्या चड्डीतले एक गृहस्थ अंगणात उभे राहून मोबाइलवरून माझा मजकूर वाचत होते. मोठ्यानं, एकेका विशेषणावर थांबत. मंडळी हसत होती. बाई हातात पळी घेऊन दारात उभ्या होत्या. शब्द कळत नव्हते, हसणं कळत होतं.

“काय म्हंतात सर?”

“त्यांना जागा लहान वाटते.”

“पर मी चाळीस पानं सांगितली व्हती ना? मी खोटं बोलले का?”

गृहस्थ मराठीच निघाले. “आजोबा, हे लिहिलंय कुणी?”

“यांच्या मुलींनी लिहिलं असेल,” मी म्हणालो. “आजकालची मुलं.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या आत गेल्या आणि पत्रावळींचा गठ्ठा घेऊन आल्या.

“सायेब, मी चाळीस सांगितली, चाळीस मांडून दावते. मोजा तुमी.” मग माझ्याकडे वळून, “धरा सर.”

मी वाकून पत्रावळी मांडू लागलो. पाहुण्यांतल्या दोघी-तिघी मोजायला लागल्या, आधी गंमत म्हणून, मग नीट बोट लावून. चाळिसावी पत्रावळ तुळशीपाशी बसली. ओळींच्या मधून बाई पळी घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आल्या. पदरसुद्धा कशाला लागला नाही.

माझी कंबर अजून वाकलेलीच होती. “मुलींचं नाव उगाच घेतलं मी,” मी हळूच म्हणालो.

“मला ठावं हाय. त्या सायबांना सांगा.”

मजकूर माझाच, असं मी जाऊन सांगितलं. गृहस्थांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. “मग आता तुम्हीच वाचा.”

“मराठीत वाचा,” मागून बाई म्हणाल्या. “तवा ऱ्हायलं व्हतं.”

तेवीस माणसांसमोर मी वाचायला लागलो. अफाट हिरवळ. विशाल नैसर्गिक जलाशय. मराठीत तर ते आणखीच फुगलं. बाईंनी एकदा तळ्याकडे पाहिलं. दोन म्हशी बसल्या होत्या.

“म्होरं वाचा,” त्या म्हणाल्या. “खोल्यांचं ऱ्हायलंय.”