पाणी पिणारं गलबत

माझ्या घराण्यात कॉलेजात जाऊन डिग्री घेणारी पहिली मीच. हे मी अजूनही सांगते, लाजत नाही. बी.एस्सी., तेही फिजिक्स. नव्वदच्या दशकात मला रबाळ्याच्या एका कारखान्यात, लॅबमध्ये नोकरी लागली होती.

बाबा होड्या बांधायचे. म्हणजे एके काळी. खाडीत भराव पडत गेला, मासळी हटली, उरलेसुरले लोक फायबरच्या होड्या घ्यायला लागले, आणि बाबा नव्या बिल्डिंगांसाठी दारं-खिडक्यांच्या चौकटी करायला लागले. चौकटीही चांगल्याच करायचे, पण एकदा दिली की मागे वळून बघायचे नाहीत. होडी असली की चार-चार वेळा बघायचे.

अशात माझ्या कॉलेजच्या इतिहासाच्या सरांचा निरोप आला. त्यांची समिती खाडीत जुन्या मराठी आरमाराचा देखावा करणार होती. दोन गलबतं, खरी लाकडी, खऱ्या वल्ह्यांनी चालणारी, आणि त्यांची लुटुपुटीची लढाई. पहिलं पसंत पडलं तर दुसरंही बाबांकडेच. नाही पडलं तर ट्रकवर प्लायवूडचा देखावा उभा करून काम भागवणार.

बाबा बांधतील असा शब्द मी देऊन टाकला आणि सरांनी दिलेलं चित्र बाबांना दाखवलं.

"वल्ही किती?"

"वीस. लांबी चाळीस फूट."

ते चित्र घेऊन उजेडात गेले. "एवढी मोठी माज्या बापानं बी नाय बांधली," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी चौकटींची कामं घेणं बंद केलं.

मी म्हटलं, मी नकाशा काढून देते, मापासकट.

"काढ की. भिंतीला लावू."

त्यांनी नकाशा पाहिला नाही. एक दोरी होती, तिला गाठी मारलेल्या. ती ते इथून तिथं ताणायचे, एक डोळा मिटायचे, आणि खडूची रेघ ओढायचे. बाभळीच्या वाकड्या फांद्यांतून नेमकी हवी तेवढी वाकडी फासळी निघायची. मी एकदा गुपचूप टेप लावून डावी आणि उजवी बाजू मोजली. सात ठिकाणी मोजली. सातही ठिकाणी माप एकच.

पण मी खरी थक्क झाले ती फळ्या बसवताना. फळीच्या कडेला ते ओला गेरू फासायचे, ती खालच्या फळीवर दाबून बसवायचे आणि परत काढायचे. खालच्या कडेवर जिथं लाल रंग उमटला नाही, तिथं फट. मग रंधा मारायचा, पुन्हा गेरू, पुन्हा दाबायचं. एका फळीला कधी सकाळ जायची, कधी अख्खा दिवस. शेवटी खालची कड या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग लाल झाली की मगच खिळे, मधे तेलात भिजवलेला कापूस आणि राळ. लॅबमध्ये बारीक फट मोजायला माझ्याकडे काचेच्या पेटीत ठेवलेलं यंत्र होतं. इथं एक माणूस विडी ओढत तेच काम गेरूनं करत होता.

पावसाळ्यानंतर खाडीच्या काठावर गलबत तयार झालं. पुढचं निमुळतं टोक, म्हणजे नाळ, माझ्या डोक्याच्या वर दोन हात. त्या आठवड्यात माझी पहाटेची शिफ्ट होती, म्हणून मी कोपरखैरण्याला मावशीकडे राहिले. सर मंगळवारी बघायला येणार होते, पण त्यांना घाई. रविवारी सकाळीच मला घ्यायला आले आणि आम्ही थेट खाडीवर गेलो.

भरती पुरी चढलेली. गलबत जागेवर नव्हतं. मग दिसलं. पाण्याच्या वर फक्त नाळ होती, बाकी सगळं बुडालेलं. बाबा बांधावर बसून चहा पीत होते.

सर काही बोलायच्या आत मीच बोलले, "सर, सॉरी. बाबांनी एवढं मोठं कधी केलं नव्हतं. माझीच चूक, मी तुम्हाला शब्द द्यायला नको होता."

सर गंभीर झाले. "आता समितीला मी काय सांगू?"

बाबांनी बशी खाली ठेवली. "कोन मेलंय का?"

"बाबा, गलबत बुडालंय."

"बुडालं नाय, बुडवलाय. पोटात दगड भरून बूच काढलाय. भरतीला पानी आत, ओहोटीला भायेर. चार दिस दोनी वेळ पाजतोय. सुकं लाकूड हाय, पानी पिऊन फुगलं म्हंजे सांधं मिटतान." मग माझ्याकडे बघून, "घागरी कोन वतायचा लहान होड्यांत?"

मीच ओतायचे. शाळेतून आले की नव्या होडीत खाडीचं पाणी ओतायचं काम माझंच असायचं. खेळ समजून ओतायचे. लाकूड ओलावा घेतं नि फुगतं, हे कॉलेजात शिकले, परीक्षेत लिहून मार्क मिळवले, पण त्या घागरींशी ते कधी जोडलं नाही. आणि आत्ता त्यांच्यासमोर त्यांच्या नावानं माफी मागून बसले होते.

आई पाठीमागून आली. "सरांना सांग जेवून जा. उपाशी पोटी असली बोट बघवत नाय."

सर थांबले. दुपारपर्यंत ओहोटीनं पाणी उतरलं, तसं गलबत चिखलावर उघडं पडलं, बुचाच्या भोकातून पाणी गळत राहिलं. बाबांनी दगड काढले, तळ पुसून कोरडा केला, बूच ठोकलं आणि बांधावर येऊन बसले. चार वाजता पाणी परत आलं. चिखल झाकला, तळाला लागलं, हातभर चढलं. गलबत हलेना. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाबांकडे पाहिलं नाही, हिंमत नव्हती.

मग नाळ इंचभर उचलली. आवाज नाही, काही नाही. एवढं मोठं लाकूड, आणि झोपेतून उठल्यासारखं सावकाश वर आलं, सरळ उभं राहिलं.

"सर," मी म्हटलं, सगळ्यांदेखत, "सकाळची माफी मी परत घेते."

सरांनी बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यातून चालत जाऊन आत चढले. मीही चढले.

"काका," सरांनी तिथूनच हाक दिली, "दुसरं कधी सुरू करताय?"

"लाकूड बघून ठेवलाय. ही पानी पीत होती तवर मी काय बसून ऱ्हानार?"

मी खाली वाकून तळाला हात लावला. एका फळीवर, मग दुसऱ्या. पार नाळेपर्यंत गेले. हात कोरडाच राहिला.