शुक्रवारचा पंखा

भूत दुपारी येतं हे मला तोवर माहीत नव्हतं. तेही दर शुक्रवारी, तारांच्या दुरुस्तीसाठी लाइट गेल्यावर, गारखेड्यातल्या एका चांगल्या स्लॅबच्या घरात.

चुलत बहिणीचा पुण्याहून फोन आला. "दादा, आई पंख्याशी बोलते."

"काय बोलते?"

"जेवलात का, असं विचारते. हसू नकोस. शेजारच्या मावशींनी स्वतः ऐकलंय. या शुक्रवारी तू जाऊन बघ. खरं निघालं तर मी घराला कुलूप लावते आणि तिला इकडं घेऊन येते."

काका जाऊन वर्ष होत आलं होतं आणि काकूंना पुण्याला अजिबात जायचं नव्हतं. तिथं म्हणे बाल्कनीत उभं राहिलं की समोरच्या बाल्कनीतही एक माणूस उभा असतो, आणि काय बोलावं हे दोघांनाही कळत नाही. मला त्यांची काळजी वाटत होती, हे खरंच. पण भूत बघायचं आमंत्रण माणसाला कितीदा येतं? मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

काकूंनी येसराची आमटी केली होती. पंख्याखाली काकांची वेताची खुर्ची होती तशीच होती. मी तिकडं वळलो.

"तिथं नको बसू," काकू म्हणाल्या. आवाज नेहमीचाच, म्हणून जास्त भीती वाटली.

मी जमिनीवर बसलो. काका असताना आम्ही असेच जेवायचो. त्यांची एक सवय होती. लाइट गेली की ते ताटावरून उठायचे, जिन्यात जायचे आणि थोड्या वेळानं हात पुसत परत यायचे. "विडी ओढायला निमित्तच लागतं ह्यांना," काकू म्हणायच्या. काका हसायचे. हो म्हणायचे नाहीत, नाही म्हणायचे नाहीत.

दुसरी भाकरी पानात पडली आणि लाइट गेली. फ्रीज हुंदका दिल्यासारखा थांबला. बॅटरीवरचा इन्व्हर्टर टुकटुकला आणि पंखा पुन्हा फिरायला लागला. बॅटरीवरचा पंखा कसा फिरतो हे मराठवाड्यात कुणाला शिकवावं लागत नाही. उपकार केल्यासारखा.

आम्ही जेवत होतो. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही नाही. आणि मग तो पंखा हळूहळू वेग घ्यायला लागला. लाइट असतानाही तो इतक्या जोरात फिरत नसे. भिंतीवरचं कॅलेंडर फडफडलं. देवघरातला पिवळा बल्ब पांढरा पडला. खुर्चीवरचा पेपर कुणीतरी उचलावा तसा उचलला गेला आणि खाली पडला. जिन्याकडून एक गुणगुण येत होती, ओठ मिटून कुणी गाणं म्हणावं तशी. मग पंखा एकदम मंदावला. थोड्या वेळानं पुन्हा चढला. पुन्हा उतरला. झोपलेल्या माणसाचा श्वास चालावा तसं ते चाललं होतं.

काकूंनी पदर सारखा केला. "आलात व्हय? भाकरी गरम हाय."

माझ्या हातातला घास आमटीत पडला.

"काकू, हे कधीपासून?"

"हे गेले, त्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारपासून. आधी कधीच नाय झालं. आता तूच सांग."

मी उठलो आणि गुणगुणीच्या मागं मागं जिन्यात गेलो. वळणावर भिंतीला एक पत्र्याची डबी होती, हात लावला तर चटका बसेल इतकी तापलेली. तेव्हा आठवलं. गच्चीवर काकांनी सोलरच्या दोन प्लेटा बसवल्या होत्या आणि औरंगपुऱ्याच्या बाजारातून हा छोटा ग्रिड-टाय इन्व्हर्टर आणला होता. 'माझी डबी' म्हणून लई कौतुक करायचे तिचं. उन्हाची वीज ती घरातल्या लाइनीत ढकलायची. बाहेरची लाइट गेली की अशी डबी आपोआप गप्प बसते, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या माणसाला झटका बसायचा.

पण काकांनी तिचा प्लग जवळच्या सॉकेटमध्ये खोचला होता, आणि ते सॉकेट होतं बॅटरीच्या लाइनीवर. बॅटरी सुरू झाली की डबीला वाटायचं, लाइट आली. मग ती भर दुपारचं सगळं ऊन एका पंख्यावर आणि एका बल्बवर ओतायची. झेपेना झालं की बंद पडायची, दम खाऊन पुन्हा ओतायची.

सॉकेटशेजारी एक खटका होता. वर्षानुवर्षं बोटं लागून गुळगुळीत झालेला. काका ताटावरून उठून काय करायला येत होते, ते मला तिथं कळलं. लाइट गेली की डबी बंद, आली की पुन्हा चालू.

मी खटका दाबला. गुणगुण थांबली. खाली पंखा मंदावत गेल्याचं ऐकू आलं, आणि पाठोपाठ काकूंचा आवाज.

"लगेच निघालात?"

त्या दिवशी मला भीती वाटली ती खरी तिथं. खाली जाऊन हे सांगायचं कसं?

सांगितलं. काकू खुर्चीकडं बघत राहिल्या.

"म्हणजे हे विडी ओढत नव्हते?"

"नसावेत."

"एकदा तरी सांगायचं होतं," त्या खुर्चीला म्हणाल्या.

मी म्हणालो, असं चालू राहिलं तर एखाद्या दिवशी बॅटरी फुटेल. मिस्त्री बोलावू, प्लग दुसऱ्या लाइनीवर घेऊ. मग लाइट गेली की डबी गप्प बसेल.

"मिस्त्री कशाला? एवढं एक काम माझ्यासाठी ठेवून गेलेत. पुण्याला सांग, आई पंख्याशी बोलत नाय. खटका दाबती."

मी तसंच सांगितलं. बहिणीनं मला दोनदा बोलायला लावलं, मग म्हणाली, राहू दे तिला तिथंच.

अजूनही एखाद्या शुक्रवारी मी आमटीला जातो. लाइट जाते. पंखा उपकार करत फिरतो. त्यानं वेग घेतला की काकू ताट सारून उठतात. "हे आले. जाते मी." जिन्यात त्यांची पावलं वाजत राहतात, हळू, मुद्दाम हळू.

तोवर खाली मी एकटा असतो. प्लग, वायर, डबी, सगळं मला ठाऊक आहे. तरी खटका वाजेपर्यंत मी त्या खुर्चीकडं पाठ करत नाही.